बेल्ट ओरडतो, पण दुखणं बहुतेकदा पुलीचं असतं

सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून चिवचिव ऐकू येते. एसी लावला की तिची किंचाळी होते. गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, ‘बेल्ट बदलून टाका.’ नवा बेल्ट बसतो, आठ-पंधरा दिवस शांततेत जातात आणि मग तोच आवाज परत येतो. याचं कारण साधं आहे. बेल्ट हा रबराचा पट्टा, तो पुल्यांवर बसतो आणि पुल्या जशा फिरतील तसा फिरतो. एखादी पुली तिरकी असेल, एखाद्या बेअरिंगचं ग्रीस संपलं असेल किंवा टेन्शनरचा, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाचा, स्प्रिंग ढिला पडला असेल, तर नवा बेल्टही त्याच वाटेने जाणार. म्हणून पुढच्या सगळ्या तपासणीचा क्रम एकच आहे: आधी आवाज ओळखायचा, मग बेल्ट वाचायचा, मग बेल्ट काढून प्रत्येक पुली हाताने फिरवून बघायची, आणि त्यानंतरच नवा बेल्ट घालायचा.

कोणता बेल्ट, काय काय फिरवतो

इथे बोलतोय तो इंजिनाच्या बाहेरून दिसणारा ड्राइव्ह बेल्ट. त्याला कुणी फॅन बेल्ट म्हणतं, कुणी अल्टरनेटर बेल्ट, तर कुणी एसी बेल्ट. आतल्या बाजूला कव्हरखाली असलेला टायमिंग बेल्ट वेगळा, त्याचं काम आणि त्याचे धोकेही वेगळे.

ड्राइव्ह बेल्टला ताकद मिळते ती क्रँक पुलीकडून, म्हणजे इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकावरच्या पुलीकडून. तिथून तो अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर), एसी कॉम्प्रेसर, बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप आणि हायड्रॉलिक स्टीअरिंगच्या गाड्यांत पॉवर स्टीअरिंग पंप फिरवतो. मधे आयडलर नावाच्या मोकळ्या पुल्या बेल्टला वळण देतात आणि टेन्शनर त्याला ताणून धरतो. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टीअरिंग इलेक्ट्रिक असल्यामुळे बेल्ट तुटला तरी स्टीअरिंग जड होत नाही. जुन्या बोलेरो, सुमोसारख्या हायड्रॉलिक स्टीअरिंगच्या गाड्यांत मात्र ते लगेच जाणवतं.

वॉटर पंप कशावर चालतो हे आपल्या गाडीपुरतं आधीच माहीत करून घ्या. काही इंजिनांत तो टायमिंग बेल्टवर असतो. ड्राइव्ह बेल्टवर असेल, तर बेल्ट तुटल्यावर इंजिन गरम व्हायला फार वेळ लागत नाही.

बेल्टच्या पाठीवरचा नंबर नीट वाचा. ‘६पीके १०७०’ म्हणजे सहा धारांचा (आतल्या बाजूच्या लांब उंचवट्यांचा), पीके प्रोफाइलचा, १०७० मिमी प्रभावी लांबीचा बेल्ट. पीके प्रोफाइलमध्ये दोन धारांमधलं अंतर ३.५६ मिमी असतं, म्हणजे सहा धारांचा बेल्ट साधारण २१ मिमी रुंद आणि चार धारांचा साधारण १४ मिमी. दुकानदार ‘१०७५ चालेल, पाचच मिमीचा फरक आहे’ असं म्हणाला, तर स्वयंचलित टेन्शनर असलेल्या गाडीत ते कदाचित खपून जाईल, पण हाताने ताणायच्या, सरकवायला जागा कमी असलेल्या ब्रॅकेटमध्ये नडेल. टेन्शनर नसलेल्या, स्वतःच ताणल्या जाणाऱ्या लवचीक बेल्टमध्ये तर अजिबातच चालणार नाही. धारांची संख्या मात्र कुठेही कमी-जास्त करायची नाही.

हत्यारं आणि खबरदारी

गोटी पान्यांचा सेट (१०, १२, १३, १४, १५, १७ आणि १९ मिमी), लांब दांड्याचा ब्रेकर बार, टॉर्क पाना, चांगली टॉर्च, पाण्याची फवारणीची बाटली, एक सरळ स्टीलची पट्टी, लांब स्क्रूड्रायव्हर, पांढरा रंग किंवा मार्कर आणि मोबाइल. आडव्या बसवलेल्या इंजिनाच्या बहुतेक गाड्यांत क्रँक पुलीपर्यंत पोचायला पुढचं एक चाक आणि आतलं प्लास्टिक लायनर काढावं लागतं. तेव्हा जॅक हवाच, शिवाय स्टँडही हवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका.

इंजिन चालू असताना फक्त बघायचं आणि ऐकायचं, हात लावायचा नाही. ओढणी, लांब बाह्या, गळ्यातली साखळी, अंगठी आधी काढून ठेवा. हात घालायच्या वेळी इंजिन बंद, चावी खिशात, आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सुटं. बटन-स्टार्ट गाडीची चावी गाडीपासून लांब ठेवा आणि ऑटो स्टार्ट-स्टॉप बंद करा. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद झाल्यावरही अचानक फिरू लागतो, हे विसरून कित्येकांनी बोटं दुखावून घेतली आहेत.

आवाज ओळखणं

चार आवाज वेगळे करता आले की निम्मं निदान झालं.

चिवचिव हा तालात येणारा, छोटा, वारंवार आवाज आहे. इंजिनाचा वेग वाढला की ताल वाढतो. तो सहसा पुल्या एका रेषेत नसल्याचा असतो. किंचाळी ही लांब आणि सलग असते, इंजिनावर भार आला की सुरू होते आणि थोड्या सेकंदांत ओसरते. ती बेल्ट घसरल्याची, म्हणजे ताण कमी असल्याची, बेल्ट झिजल्याची किंवा एखादी पुली जड फिरत असल्याची खूण आहे. घरघर, खरखर बेअरिंगची. खडखड किंवा टकटक टेन्शनरच्या हाताची, अल्टरनेटरच्या एकेरी (एकाच दिशेला पकडणाऱ्या) पुलीची किंवा फुटू लागलेल्या क्रँक पुलीची.

आता भार देऊन बघा. एकाने गाडीत बसायचं आणि एकेक गोष्ट लावत जायची: हेडलाइट व मागच्या काचेचा हीटर, मग एसी, मग हायड्रॉलिक असेल तर स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला. लाइट-हीटर लावताच किंचाळी आली, तर अल्टरनेटरवरचा बेल्ट घसरतोय. एसी लावल्यावरच येत असेल, तर कॉम्प्रेसर जड जातोय किंवा एकूण ताणच कमी आहे. स्टीअरिंग टोकाला नेल्यावर आली, तर पंपाच्या पुलीकडे बघा.

मग पाण्याची चाचणी. अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू ठेवून बेल्टच्या धारांच्या बाजूवर थोडंसं साधं पाणी फवारा. आवाज काही सेकंद पूर्ण थांबला आणि परत आला, तर पुल्यांची रेषा चुकली आहे. आवाज उलट वाढला, तर ताण कमी आहे. काहीच फरक पडला नाही, तर बहुधा आवाज बेल्टचा नाहीच, बेअरिंगचा आहे. पाण्याऐवजी गंजरोधक तेल, ब्रेक क्लीनर किंवा ‘बेल्ट ड्रेसिंग’ फवारू नका. ब्रेक क्लीनर गरम इंजिनावर पेट घेऊ शकतो. तेल आणि ड्रेसिंग आवाज थोडा वेळ दाबतात, पण बेल्टवर धूळ चिकटवून ठेवतात आणि पुढचं निदान बिघडवून टाकतात.

बेअरिंगचा संशय आला की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पुलीच्या मधल्या, न फिरणाऱ्या भागाच्या आसपास टेकवा आणि मूठ कानाजवळ धरा. अल्टरनेटर, टेन्शनरचा बोल्ट, वॉटर पंपाची बॉडी असं एकेक ठिकाण ऐका. आवाज सगळीकडे येतो, पण दोषी जागी तो मोठा आणि खरखरीत असतो. टोक फिरत्या भागापासून दूरच असू द्या.

शेवटची खात्री म्हणजे बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवणं. वॉटर पंप बेल्टवर असेल तर त्यापेक्षा जास्त नको. बेल्ट नसताना आवाज गेला, तर दोष बेल्टच्या वाटेवरच आहे. तसाच राहिला, तर टायमिंग, इंजिनाचं आतलं काही किंवा एक्झॉस्ट शोधा. ही चाचणी दोन-तीन हजारांचे चुकीचे पार्ट विकत घेण्यापासून वाचवते.

बेल्ट वाचायचा कसा

बेल्ट हातात आला की उलटा करून, उजेडात धरून, संपूर्ण लांबी बोटांमधून फिरवा. जुन्या निओप्रीनच्या बेल्टला वय झालं की आडव्या भेगा पडतात. एकाच धारेवर २५ मिमीच्या आत तीन किंवा त्याहून जास्त भेगा दिसल्या की तो संपला असं धरायचं. पण आता जवळजवळ सगळे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात आणि त्यांना भेगा फारशा पडतच नाहीत. ते टायरसारखे झिजतात. म्हणून ‘भेग नाही, म्हणजे बेल्ट ठीक’ हा हिशोब आता चालत नाही. नवा बेल्ट पुलीच्या खाचांत बाजूंवर टेकून बसतो आणि खाचेचा तळ मोकळा राहतो. झिजलेल्या बेल्टच्या धारांमधल्या दऱ्या रुंद होतात, बेल्ट खोल उतरतो, पुलीच्या कडा बेल्टच्या दरीला टेकतात आणि पकड जाते. बेल्ट बनवणाऱ्या कंपन्यांची प्लास्टिकची मापकं मिळतात, त्यांनी एका मिनिटात कळतं. मापक नसेल तर त्याच नंबरचा नवा बेल्ट शेजारी धरा. दरीचा आकार तीक्ष्ण ‘व्ही’वरून ‘यू’ झालेला नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

एका बाजूची कड उसवली, धागे बाहेर आले, म्हणजे बेल्ट पुलीच्या कडेला घासतोय, रेषा तपासा. धारा काचेसारख्या चकाकतात, म्हणजे घसरून तापलाय. दऱ्यांत रबराच्या गोळ्या अडकल्यात, म्हणजे थोडं घसरणं आणि थोडी रेषा, दोन्ही बघा. एखाद्या ठिकाणी धारेचा तुकडा उडालाय, म्हणजे वय झालं किंवा दगड शिरला. बेल्ट एका बाजूने फुगलेला, मऊ, चिकट लागतो, म्हणजे तेल किंवा कूलंट पडतंय. तेलाचा बेल्ट धुऊन परत लावायचा नसतो. आधी गळती शोधा (व्हॉल्व्ह कव्हर, क्रँकचं पुढचं सील, स्टीअरिंग पंपाची होज), ती बंद करा, सगळ्या पुल्यांच्या खाचा ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून कोरड्या करा, तेव्हाच नवा बेल्ट घाला.

आता पुल्या, एकेक करून

बेल्ट उतरला की प्रत्येक पुलीला तीन गोष्टी विचारायच्या: मोकळी फिरते का, डुगडुगते का, आणि सरळ फिरते का.

आयडलर आणि टेन्शनरची पुली बोटाने गरकन फिरवा. चांगलं सीलबंद बेअरिंग आतल्या ग्रीसमुळे एक-दोन फेऱ्यांतच शांतपणे थांबतं. पुली भिंगरीसारखी बराच वेळ फिरत राहिली आणि कोरडा ‘सर्र’ आवाज आला, तर ग्रीस संपलं आहे. लोक हीच पुली ‘किती मोकळी फिरतेय’ म्हणून चांगली समजतात आणि तीच पुढच्या महिन्यात रस्त्यात अडकते. या पुल्या वेगाने फिरतात. क्रँक पुली १४० मिमीची आणि आयडलर ७० मिमीचा असेल, तर इंजिनाच्या ३००० आरपीएमला आयडलर ६००० आरपीएम फिरतो. कोरडं बेअरिंग त्या वेगाला टिकत नाही.

धातूच्या आयडलरमध्ये सहसा ६२०३ बेअरिंग असतं: आत १७ मिमी, बाहेर ४० मिमी, रुंदी १२ मिमी. मोठ्यात ६३०३ असतं. नंबर सीलवर छापलेला असतो, तोच घ्या, पण दोन्ही बाजूंना रबरी सील असलेला ‘२आरएस’ प्रकार मागा. पत्र्याच्या झाकणाचा ‘झेडझेड’ स्वस्त पडतो, पण त्यात पावसाचं पाणी आणि धूळ शिरते. बसवताना जोर बाहेरच्या कड्यावरच द्यायचा, कारण घट्ट बसायचं असतं ते बाहेरचं कडं. आतल्या कड्यावर हातोडी मारली, तर बॉलच्या मार्गावर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग आठवड्यात घरघरू लागतं. प्लास्टिकची पुली असेल तर बेअरिंग काढण्याच्या भानगडीत पडू नका, आख्खी पुली बदला. काही टेन्शनर-आयडलरचे बोल्ट उलट्या आट्याचे असतात. जोर लावण्याआधी ते बघून घ्या.

टेन्शनरचा हात ब्रेकर बारने पूर्ण मागे न्या आणि सावकाश सोडा. हालचाल सलग, दमदार हवी. मधे अडकला, झटक्याने सुटला किंवा लोंबकळत आला, तर आतलं डॅम्पिंग (धक्के शोषणारी रचना) गेलं. पुली बेल्टच्या प्रतलाला समांतर राहते का, तेही बघा, कारण बुश झिजलेला हात तिरका होतो आणि बेल्ट एका बाजूला सरकवतो. कित्येक टेन्शनरवर एक खूण आणि दोन मर्यादा कोरलेल्या असतात. बेल्ट लावलेला असताना खूण मर्यादांच्या बाहेर गेली, तर बेल्टची लांबी चुकीची किंवा स्प्रिंग थकलेला. इंजिन चालू असताना मोबाइलने स्लो मोशन व्हिडिओ घ्या. हात थोडा थरथरणं नैसर्गिक आहे, पण ५-६ मिमीहून जास्त नाचत असेल, तर टेन्शनर किंवा अल्टरनेटरची एकेरी पुली दोषी आहे. त्याच व्हिडिओत क्रँक पुली डुलताना दिसली, तर पुढचा परिच्छेद आधी वाचा.

क्रँक पुली बहुतेक गाड्यांत एकसंध लोखंडाची नसते. आतला हब, बाहेरची खाचांची रिंग आणि दोन्हींमध्ये रबराचा पट्टा, अशी तिची रचना असते. इंजिनाचे पिळाचे धक्के हे रबर गिळतं. रबर उन्हा-तेलाने फुटलं की बाहेरची रिंग पुढे-मागे सरकते, डुगडुगते, बेल्टच्या कडा कापते आणि कधी पूर्ण सुटून पडते. तपासायची पद्धत अगदी सोपी: हबपासून रबर ओलांडून बाहेरच्या रिंगपर्यंत पांढरी सरळ रेघ मारा. एक-दोन दिवस गाडी चालवा, एसी लावून घाटही चढवा. मग बघा, रेघ मधे तुटून दोन तुकडे एकमेकांसमोरून सरकले असतील, तर रबराची पकड सुटली. अशी पुली वेल्ड करून, स्क्रू मारून घट्ट करणं हा उपाय नाही. रबर नसलेली पुली क्रँकशाफ्टवर ताण टाकते. नवी घ्या, आणि ती ओरिजिनल किंवा नावाजलेल्या कंपनीचीच घ्या.

काढताना बाहेरच्या कडेला पुलर अडकवू नका, उरलंसुरलं रबरही फाटतं. हबमध्ये आट्यांची भोकं असतात, पुलरचे बोल्ट त्यातच घाला. मधला बोल्ट प्रचंड घट्ट असतो आणि बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायचा असतो. स्टार्टर मारून तो सोडवण्याची युक्ती टाळा. पुली धरणारं हत्यार वापरा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क (कसण्याचा जोर), त्यापुढचा कोन, दोन्ही पाळा. एक गोष्ट फार महत्त्वाची: काही इंजिनांत क्रँकवर चावीची (चकती घसरू नये म्हणून घालायच्या धातूच्या तुकड्याची) खाच नसते, टायमिंगची चकती केवळ या बोल्टच्या दाबाने धरलेली असते. फोर्डच्या सिग्मा मालिकेतली पेट्रोल इंजिनं अशी आहेत. तिथे लॉकिंगची हत्यारं न लावता बोल्ट सैल केला, तर टायमिंग सरकतं आणि व्हॉल्व्ह वाकू शकतात. खात्री नसेल तर हे काम जाणकार गॅरेजलाच द्या.

अल्टरनेटरची पुली बऱ्याच डिझेल आणि काही पेट्रोल गाड्यांत एकेरी असते: एका दिशेला रोटर, म्हणजे अल्टरनेटरचा आतला फिरणारा भाग, फिरवते, उलट दिशेला मोकळी सुटते. इंजिनाच्या प्रत्येक स्फोटाच्या झटक्याने जड रोटर बेल्टला ओढू नये म्हणून ही योजना. पुढची टोपी काढा, रोटर धरा, पुली फिरवा. एका दिशेला पकडली पाहिजे, दुसऱ्या दिशेला सहज सुटली पाहिजे. स्प्रिंगवाल्या प्रकारात पकडीच्या दिशेला थोडी लवचीक ओढ जाणवते. दोन्ही दिशांना पकडत असेल तर जाम, दोन्ही दिशांना मोकळी असेल तर आतून गेलेली. दोन्ही दिशांना मोकळी असताना बॅटरी चार्ज होत नाही, लाल दिवा लागतो आणि लोक उगाच अल्टरनेटर बदलतात. पुली सोडवायला सहसा ३३ दातांचा खास बिट आणि मधे टॉर्क्स किंवा बारा कोपऱ्यांचा बिट लागतो. नवी बसवल्यावर टोपी नक्की लावा. टोपी नसलेल्या पुलीत पहिल्या पावसातच चिखल जातो. स्वस्त पडते म्हणून एकेरीच्या जागी साधी घट्ट पुली बसवली, तर टेन्शनर आणि बेल्ट दोन्ही लवकर संपतात.

वॉटर पंपाची पुली दोन्ही हातांनी वर-खाली हलवा. किंचितही डुगडुग नको. पंपाच्या खालच्या छोट्या भोकाजवळ गुलाबी, हिरवे किंवा पांढरट सुकलेले ओघळ असतील, तर सील गेलंय. पंप आख्खाच बदला.

एसी कॉम्प्रेसरच्या पुलीत मात्र विचार करायला जागा आहे. क्लच (एसी लावल्यावरच कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा भाग) असलेल्या कॉम्प्रेसरमध्ये पुलीचं बेअरिंग एसी बंद असतानाही इंजिनाबरोबर फिरत असतं. त्यामुळे एसी चालू असो वा बंद, घरघर राहत असेल तर ते बेअरिंग. फक्त एसी लावल्यावर येणारी खरखर कॉम्प्रेसरच्या आतली किंवा क्लचची. बेअरिंग बदलायला गॅस काढावा लागत नाही: पुढची क्लच प्लेट, सर्क्लिप (अडकवणारी स्प्रिंगची रिंग), पुली अशा क्रमाने निघतं. ३५×५०×२० आणि ३०×४७×१८ ही सर्रास आढळणारी मापं, पण बेअरिंगवरचा नंबर हाच खरा. प्लेटच्या मागे पातळ चकत्या असतात, त्या हरवू नका. प्लेट आणि पुली यांतली फट सहसा ०.३ ते ०.६ मिमी ठेवायची असते. फट जास्त झाली की उन्हात इंजिन तापल्यावर क्लच ओढतच नाही, आणि ‘गॅस संपला’ म्हणून गॅस भरला जातो. हल्लीच्या काही कॉम्प्रेसरला क्लचच नसतो, तिथे ही पद्धत लागू नाही.

रेषा तपासणं

क्रँक पुली प्रमाण मानून तिच्या चेहऱ्यावर स्टीलची पट्टी आडवी टेकवा आणि बाकीच्या खाचांच्या पुल्यांपर्यंत न्या. दोन पुल्यांमधल्या दर १०० मिमी अंतराला १ मिमीपेक्षा जास्त तफावत दिसली, तर चिवचिवीचं कारण सापडलं. पुल्यांचे चेहरे वेगळ्या खोलीचे असतील, तर पट्टी कडेला नको, पहिल्या खाचेला लावून बघा. तफावत कशामुळे? अल्टरनेटर बदलताना वॉशर इकडचा तिकडे गेला, माउंटिंग बोल्ट सैल राहिला, ब्रॅकेट वाकली, स्टीअरिंग पंपाची दाबून बसवायची पुली पूर्ण आत गेली नाही किंवा क्रँक पुलीची रिंग सरकली. यातलं एकही कारण नवा बेल्ट घालून जात नाही.

बेल्ट बसवणं

जुना बेल्ट काढण्याआधी त्याच्या वाटेचा फोटो घ्या. बॉनेटवर स्टिकर असेल तर त्याचाही घ्या. जुना बेल्ट परत लावायचा असेल तर फिरण्याच्या दिशेचा बाण त्याच्यावर मारून ठेवा.

स्वयंचलित टेन्शनर असेल तर त्याच्या बोल्टवर किंवा चौकोनी खाचेत ब्रेकर बार लावून हात मागे न्या. काहींत भोक जुळवून पिन घालता येते. बेल्ट क्रँकपासून सुरू करून वाटेने ओवत न्या आणि शेवटी गुळगुळीत पुलीवरून चढवा, ती सगळ्यांत सोपी जाते. नियम लक्षात ठेवा: खाचांच्या पुलीला बेल्टची धारांची बाजू, गुळगुळीत पुलीला पाठ. वाट चुकली तर वॉटर पंप उलटा फिरू शकतो. आवाज काहीच येत नाही, पण गाडी गरम होते. म्हणून फोटोशी दोनदा ताडून बघा. मग बोट फिरवून प्रत्येक पुलीवर सगळ्या धारा खाचांत आहेत ना, हे तपासा. एक धार बाहेर राहिली की बेल्ट काही मिनिटांत फाटतो. क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेलाच, म्हणजे बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या दिशेने, दोन फेऱ्या फिरवा आणि परत बघा.

हाताने ताणायच्या ब्रॅकेटमध्ये अल्टरनेटरचा खालचा आणि वरचा बोल्ट सैल करा, ताणायचा स्क्रू फिरवा. सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने साधारण १० किलोचा जोर दिल्यावर वापरलेला बेल्ट सहसा ६ ते ९ मिमी दबायला हवा, नवा त्याहून किंचित कमी. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलचा घ्या. ‘जरा जास्तच टाइट करून दे’ म्हणजे अल्टरनेटरच्या आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगचा बळी देणं. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा बसतो, म्हणून पाच मिनिटं इंजिन चालवून ताण पुन्हा बघा, आणि २००-३०० किलोमीटरनंतर आणखी एकदा.

टेन्शनर नसलेला लवचीक बेल्ट जुना असेल तो कापूनच काढायचा, आणि नवा क्रँक पुलीला लावायच्या खास साधनानेच चढवायचा. स्क्रूड्रायव्हरने उचकटून चढवलेल्या बेल्टच्या आतल्या दोऱ्या तुटतात. बाहेरून तो नवाच दिसतो आणि काही दिवसांत फाटतो. एकदा काढलेला असा बेल्ट परत लावू नका.

बेल्ट कुणाचा घ्यायचा? गेट्स, कॉन्टिनेन्टल, डेको, नागपूरची पिक्स किंवा गाडीच्या कंपनीचा. छापील नंबर पुसट किंवा पाकिटावर आणि बेल्टवर वेगळा असेल, तर घेऊ नका. ईपीडीएम बेल्ट ४०,००० किलोमीटरपासून दर सर्व्हिसला मापकाने तपासा. बदलण्याचं अंतर मॅन्युअलचं पाळा, ते बहुतेक गाड्यांत ६०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या दरम्यान असतं. गाडीला दुसऱ्यांदा नवा बेल्ट घालत असाल, तर टेन्शनर आणि आयडलरही त्याच वेळी बदलणं आम्हाला शहाणपणाचं वाटतं. त्यांचीही बेअरिंगं तितकेच किलोमीटर फिरलेली असतात.

पाऊस, चिखल आणि उंदीर

पाण्यातून गाडी गेल्यावर दोन-चार सेकंद बेल्ट ओरडणं हे एकवेळ ठीक. दर पावसात मिनिटभर ओरडत असेल तर ताण किंवा झीज तपासायलाच हवी. कोकणातला तांबडा चिखल पुलीच्या खाचांत सुकला की सँडपेपरसारखं काम करतो. सुका ब्रश आणि साध्या पाण्याने खाचा धुवा, पण प्रेशर वॉशरचा झोत बेअरिंगच्या सीलवर मारू नका. इंजिनाखालचं प्लास्टिक कव्हर गॅरेजमध्ये एकदा काढलं की परत लागत नाही, असं फार वेळा होतं. ते असलंच पाहिजे. नसलेल्या गाडीत दगड आणि पाणी थेट क्रँक पुलीवर येतं. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत बेल्टची कड उंदरांनी कुरतडलेली असते. चालू करण्याआधी टॉर्च मारून बघा.

बेल्ट रस्त्यात तुटला तर

चार्जिंगचा लाल दिवा, पाठोपाठ तापमानाचा काटा वर, हायड्रॉलिक असेल तर स्टीअरिंग जड. गाडी कडेला घ्या आणि लगेच बंद करा. वॉटर पंप या बेल्टवर असेल तर ‘पुढच्या ढाब्यापर्यंत’ही चालवू नका, सिलेंडर हेड वाकायला तेवढं अंतर पुरतं. पंप टायमिंग बेल्टवर असेल, तर एसी, केबिनचा पंखा, रेडिओ बंद करून दिवसा बॅटरीवर थोडं अंतर जाता येतं. पण डोळा तापमानावर ठेवा.

चालू करण्याआधी एक काम नक्की करा: क्रँक पुलीच्या मागे डोकावा. तुटलेल्या बेल्टच्या दोऱ्या तिथे गुंडाळून बसतात. इंजिन फिरत राहिलं, तर काही गाड्यांत त्या पुढच्या सीलमध्ये किंवा टायमिंग कव्हरच्या आत ओढल्या जातात आणि टायमिंग बेल्ट दातांवरून सरकतो. कात्रीने आणि चिमट्याने दोरीचा शेवटचा तुकडा बाहेर काढून, तुटलेला बेल्ट जमिनीवर जोडून सगळे तुकडे सापडलेत का ते मोजा. तुकडा कमी असेल तर गाडी टो करून घ्या.